वाफेचं मी अर्धंच सांगितलं

आईला मी वेळेवर भेटले ती खालांमुळे. राजापूरकडच्या ज्या काजूच्या कारखान्यात मी काम करते, तिथे काजूगर रंग-आकारानं निवडायच्या टेबलावर बसणाऱ्या त्या सगळ्यांत जुन्या. मी त्यांची सुपरवायझर, तरी त्या मला 'गो बाय' म्हणतात आणि मी त्यांना खाला.

मी लातूरकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर इकडे आले. आधी बी फोडायला बसायचे, टरफलाच्या चिकानं हात काळे व्हायचे, मग वाफेच्या टाकीवर गेले. काजूची बी फोडण्याआधी वाफवावी लागते. वाफ कमी पडली तर फोडताना गराचे तुकडे होतात, जास्त झाली तर गर काळवंडतो. मला ते जमलं, म्हणून शेठनी सुपरवायझर केलं. हाताखाली बारा बायका आल्या, पण टाकीला मी कुणाला हात लावू दिला नाही. ताप असला तरी टाकीपाशी मीच.

गेल्या मार्गशीर्षात आई पडली, खुबा मोडला. ऑपरेशनच्या आधी तिला मला बघायचं होतं. भाऊ रोज व्हिडिओ कॉल लावायचा, आणि ती फोनवर विचारायची, "कधी निघतीस?"

शेठ म्हणाले, "जा चार दिवस. पण आधी कुणाला तरी टाकी शिकव."

फोडणाऱ्यांतली एक चुणचुणीत मुलगी निवडली. ती बारावी झालेली. भिंतीवर खडूनं मिनिटं लिहून दिली. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. वाफ सोडल्यावर टाकीच्या खालच्या नळीतून आधी पाणी गळतं. ते थांबून नुसती कोरडी वाफ यायला लागली की मग घड्याळ बघायचं. विसरले नव्हते. जीभच उचलली नाही. तिनं पाणी गळत असतानाच वेळ धरली, आणि मी शेजारी उभी राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी बी फोडली, तर निम्म्या गरांचे तुकडे. शेठ मुठीत तुकडे घेऊन माझ्याकडे आले. रागावले नाहीत. म्हणाले, "बघितलंस? तुझ्याशिवाय होत नाही. आता कशी सोडू तुला?"

ऐकून आधी बरं वाटलं, हे लपवत नाही. मग आई आठवली. ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं, आणि बाहेर पडायची वाट मीच बुजवली होती.

वरच्या जागेवरची माणसं काम दुसऱ्याकडे का देत नाहीत, यावर लोक म्हणतात, त्यांचा हाताखालच्यांवर विश्वास नसतो. माझा त्या मुलीवर होता. तिला पटकन जमेल, याचीच मला भीती होती. तिच्याकडे बारावीचा कागद आहे. माझ्याकडे टाकी सोडून काय आहे?

दुपारी खालांच्या टेबलाशी गेले. त्या तुकडे वेगळे करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हितनं टाकी दिसते मला. पाणी गळत होतं तेव्हाच पोरीनं घड्याळ बघितलं. तू बघत होतीस गो. बोलली नाहीस."

मी म्हटलं, "शेठना सांगणार?"

"सांगून मला काय मिळणार? तुकडे तर मलाच निवडायचेत." मग चष्मा वर सारून बघितलं. "आईकडे जायचंय, की हितंच टाकीला मिठी मारून बसायचंय, तेवढं सांग."

मला रडू आलं. त्यांनी पदर पुढे केला नाही, नुसतं म्हणाल्या, "गरावर नको रडूस, दमट होतील."

त्याच संध्याकाळी त्या माझ्याबरोबर टाकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. मी मुलीला सगळं सांगितलं. आधी का नाही सांगितलं, हेही. ती नळीकडे बघत राहिली. खालांनी शेठकडून आणखी एक घाणा वाफवून बघायची परवानगी आणली. दुसऱ्या दिवशी गर अख्खे निघाले. मी रात्रीची एसटी धरली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईनं माझा हात हातात घेतला आणि तो काळा का पडलाय म्हणून विचारत राहिली.

परत आले तेव्हा टाकी चालू होती. मला कुणी काढलं नाही. तरी सकाळी कारखान्यात शिरताना आधी टाकीपाशी कोण आहे ते बघते, अजून.

खालांची लेक सावर्ड्याला दिलेली आहे. हंगामात त्या तिच्याकडे एका रात्रीच्या वर राहत नाहीत, कारण निवडायचं टेबल त्या कुणाकडे सोपवत नाहीत. मी त्यांच्याजवळ बसून शिकायला लागलेय. "तुझ्या डोळ्याला रंग दिसत नाय गो," म्हणून त्या मी निवडलेली ताटली परत ढिगात ओततात. ओतू देत. एक दिवस त्यांना आठवडाभर लेकीकडे पाठवीन आणि ते टेबल मी सांभाळीन.