ढग सरायची वाट

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि ती त्या वेळी हाकेच्या अंतरावर बसलेली होती. आता तुम्हाला सांगतोय. का सांगतोय, ते मला नीट सांगता येणार नाही. ओळख नसलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं, एवढंच असेल.

मी फोटोग्राफर आहे. उरणला माझा स्टुडिओ आहे. पोटापाण्याचं काम म्हणजे लग्नं, बारशी, नव्या ट्रेलरची पूजा, आणि हळदी. आमच्याकडे हळद लग्नाहून मोठी होते, त्यामुळे बरं चाललंय. पण गेली बरीच वर्षं मी आणखी एक काम करतो, ते गावात कोणाला ठाऊक नाही. मी न्यूड फोटो काढतो. लगेच तोंड वाकडं करू नका — प्रदर्शनात भिंतीवर लागतात ते. मोठी, जाणती, स्वतःच्या मर्जीनं आलेली माणसं; बायका आणि पुरुष, दोन्ही. मला अंगापेक्षा अंगावरचा उजेड दिसतो. हे वाक्य मी चारचौघांत सांगण्यासाठी घोटून ठेवलेलं आहे, पण ते खोटं नाही. पाठीवरून उजेड कसा उतरतो, कुठे अडतो, कुठे त्याला काळं कापड लावून अडवावं लागतं — यात माझा दिवस जातो.

या कामाचे नियम असतात. मॉडेलच्या अंगाला हात लावायचा नाही. पोज तोंडानं सांगायची, नाहीतर स्वतः करून दाखवायची. माझं पोट सुटलेलं आहे. मी जमिनीवर लोळून दाखवायला लागलो की समोरचं माणूस हसतं, आणि ते बरंच असतं, त्याचा अवघडलेपणा जातो. माझी बायको, सुनीता, कायम सोबत असते. चादर तिच्याकडे. फोटो झाला की मी ‘सोडा’ म्हणतो आणि पाठ फिरवतो, मग ती जाऊन चादर पांघरते. आणि शेवटचा नियम म्हणजे कॅमेऱ्याचा आवाज चालू ठेवायचा. हल्लीच्या कॅमेऱ्यांना आवाजाची गरज नसते, तो बंद करता येतो. पण उघड्या अंगानं बसलेल्या माणसाला कळायला हवं — आत्ता फोटो निघाला, आत्ता नाही.

मी किती सभ्य आहे हे ठसवायला हे सांगतोय का? थोडंफार तसंही असेल.

कमलताई मुंबईत एका कला महाविद्यालयात मॉडेल म्हणून बसायच्या. मुलं समोर बसून चित्रं काढायची, वर्षानुवर्षं. वयानं पन्नाशीला टेकलेल्या. मूळच्या आमच्याकडच्याच, मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या. नवरा गेल्यावर कोणीतरी हे काम सुचवलं आणि त्या त्यात रुळल्या. त्यांचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं. त्या हलत नसत. बाकीचे मॉडेल मुंग्या आल्या की पाय सोडतात, खाज आली की खाजवतात. कमलताई ‘सोडा’ ऐकल्याशिवाय पोज मोडत नसत. “माशी नाकावं बसली तरी मी हालत न्हाय, दादा,” त्या पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या. “आपून हालली का पोरांचा चित्र वाया.” नवीन बॅच आली की शिक्षक मुलांना सांगत, यांच्याकडून शिका. हे सांगताना त्या पदर सारखा करायच्या. त्यांना याचा अभिमान होता आणि तो मला ठाऊक होता. पुढे जे झालं ते या ठाऊक असण्यामुळेच झालं.

न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे थोडी मिठागरं अजून भरावाखाली गेलेली नाहीत. त्यांतलं एक ओळखीच्या माणसाचं. त्यानं आम्हाला सुट्टीच्या दिवशी सकाळी मोकळं करून दिलं. चारी बाजूंनी बांध उंच, त्यामुळे रस्त्यावरून आतलं दिसत नाही. कंटेनरच्या गाड्या तेवढ्या ऐकू येतात. एप्रिल होता. वाफ्यांत मीठ धरलं होतं, वर बोटभर पाणी.

मी कमलताईंना गुडघ्यांवर बसून पुढे वाकायला सांगितलं. कपाळ हातांवर, पाठ वर. चेहरा दिसणार नाही, हे आमचं आधीच ठरलेलं होतं. एरवी मी गुडघ्यांखाली रबराची चटई देतो. त्या दिवशी ती मिठाच्या पांढऱ्यात काळी दिसत होती, म्हणून काढली. त्या आपणहून म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, मिठाची सवय हाय मना. लहानपणी होती, म्हणजे. सुनीता चादर घेऊन पलीकडच्या बांधावर बसली. डाव्या अंगानं ऊन आडवं येत होतं, उजवीकडे मी काळं कापड उभं केलं. इतका चांगला उजेड वर्षातून एखाद्या वेळी मिळतो.

आणि फोटो मेलेले येत होते.

कसं सांगू? पाठ सुंदर होती. पण ती कॉलेजातली पाठ होती — सरावाची, स्थिर. शाळेतल्या मुलानं घोटून घोटून काढलेल्या अक्षरासारखी. मला ते नको होतं. मला त्या पाठीत कष्ट दिसायला हवे होते. कष्ट करून दाखवा, असं कोणाला सांगता येतं का? सांगितलं असतं तर त्यांनी नाटक केलं असतं. मला खरे हवे होते.

मी कॅमेऱ्याचा आवाज बंद केला.

ते करताना मला काय वाटत होतं, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केलाय. काही वाटत नव्हतं. बटण दाबलं. थोड्या वेळानं त्यांनी तोंड खालीच ठेवून विचारलं, “झाला का, दादा?” मी जवळ जाऊन, हळू आवाजात म्हणालो, “ढग आलाय. सरेपर्यंत थांबू, मग पुन्हा सुरू करतो.”

ढग नव्हता. आकाश स्वच्छ होतं. हळू आवाजात का म्हणालो? सुनीताला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणजे मला कळत होतं.

परत जागेवर आलो आणि फोटो काढत राहिलो. त्या वाट बघत होत्या. एकदा म्हणाल्या, “पाठीला ऊन तं लागतंय.” मी पुन्हा जवळ गेलो आणि सांगितलं, पातळ ढग आहे, ऊन लागतं पण उजेड नीट पडत नाही. हे मी माझ्या धंद्यातल्या माणसाच्या आवाजात सांगितलं. त्यांनी ते मानलं. का नाही मानणार? उजेडाचं मला कळतं, असं त्या धरून होत्या.

मग हळूहळू पाठ बदलायला लागली. आधी कमरेच्या बाजूचा एक स्नायू उडायला लागला. मग खांद्यांखाली थरथर. मिठाचे खडे गुडघ्यांत रुतलेले, त्यावर ते पाणी — किती झोंबत असेल, ते मी मिठागराच्या गावात राहून ओळखू शकत नव्हतो का? ओळखत होतो. थरथर दाबण्यासाठी त्यांनी सगळं अंग आवळून धरलं, आणि त्या आवळण्यात एकेक शीर वर आली, आडव्या उन्हात प्रत्येकीची सावली पडली. मला जे हवं होतं ते माझ्यासमोर होतं. मला आनंद झाला. तुमच्याशी खोटं कशाला बोलू — पोरगा झाला तेव्हा झाला होता तसलाच आनंद. ‘सोडा’ म्हणायला एक क्षण पुरला असता. मी म्हणालो नाही. अजून एक, अजून एक, असं चाललं होतं माझं.

शेवटी त्याच कलंडल्या. एका अंगावर, पाण्यात. सुनीता धावली. मी पाठ फिरवली — नियमाप्रमाणे. तिनं चादर गुंडाळून त्यांना मिठागराच्या शेडच्या सावलीला नेलं, गोड्या पाण्यानं गुडघे धुतले. ती एवढंच म्हणाली, “आज फार वेळ बसवलंत ओ ताईंना.” मी म्हणालो, जमत नव्हतं.

त्यांच्या गुडघ्यांकडे मी पाहिलं. बरेच सोलवटले होते. पण कमलताई गुडघ्यांकडे बघतच नव्हत्या. सुनीता गाडीतून पट्ट्या आणायला गेली तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मोडली मी. माझ्यानं न्हाय धरवला.” त्यांचे डोळे भरले होते. दुखण्यानं नव्हे, हे मला कळत होतं. त्यांच्या हिशेबी त्या वेळात फोटो निघतच नव्हते; नुसतं ढग सरेपर्यंत बसायचं होतं, आणि तेवढंही त्यांना जमलं नव्हतं.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं, नाही का? मी वर बघितलं आणि म्हणालो, “आत्ताच सरला बघा. अगदी आत्ता.”

हे वाक्य मी कुठून काढलं? माझं मलाच माहीत नाही. परत जाताना गाडीत त्यांनी सुनीतासमोर ढगाचा विषय काढू नये म्हणून मी सबंध रस्ताभर बडबडत राहिलो. एरवी मी मुखदुर्बळ माणूस आहे. सुनीताला वाटलं, काम मनासारखं झालं म्हणून खुशीत आहे. तेही खरंच होतं.

मी त्यांना नंतर फोन करून सांगितलं, की ढग येण्याआधीच्या फोटोंतला एक चांगला निघालाय. त्या हायसं वाटल्यासारख्या ‘बरं’ म्हणाल्या. तो फोटो गाजला. आमच्या वर्तुळात गाजतो तितपत. लोकांनी त्यात श्रम पाहिले, या किनाऱ्याचा इतिहास पाहिला, काय काय पाहिलं. मी मान डोलवत राहिलो.

मुंबईतल्या प्रदर्शनाला सुनीतानं कमलताईंना आग्रह करून बोलावलं. त्या चांगली साडी नेसून आल्या. फोटोसमोर जरा वेळ उभ्या राहिल्या. तेवढ्यात एक मुलगी आली, त्यांची चित्रं काढून शिकलेली. पाया पडली. म्हणाली, “ताई, तुम्ही यायच्या बंद का झालात? सर अजून तुमचंच उदाहरण देतात.”

त्यांनी काम सोडल्याचं मला तेव्हा कळलं. मिठागरातून गेल्यावर त्या पुन्हा कॉलेजात बसल्याच नव्हत्या.

“आता न्हाय जमत गो,” कमलताई तिला म्हणाल्या. “आंगात ऱ्हाली न्हाय ताकद. ढग सरून परत फोटो काढायच्या आधीच मोडली मी पोज, दादांच्या म्होरं. इचार त्यांना.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती मुलगीही पाहू लागली.

त्यांच्या मागे भिंतीवर तो फोटो होता. त्या दिवशी त्यांनी जेवढं धरून ठेवलं, तेवढं मी पाहिलेल्या कुठल्याच मॉडेलनं धरलं नसतं. जगात हे फक्त मला माहीत होतं. एक वाक्य बोललो असतो तर त्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेल्या असत्या, मुलांपुढे ताठ बसल्या असत्या. त्यांचं होतं ते त्यांना परत मिळालं असतं. माझं काय गेलं असतं? त्या मुलीच्या नजरेतून उतरलो असतो. फार तर सुनीताच्या.

मी म्हणालो, “वय झालं की व्हायचंच असं, ताई. मी काही मनावर घेतलं नाही.”

म्हणजे मी त्यांना माफ केलं. कमलताईंच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यांनी हात जोडून माझे आभार मानले, आणि मी ते ठेवून घेतले.