चार दिवसांची नोकरी

आमच्या घरी आई नोकरीला जायची आणि बाबा घर सांभाळायचे. सत्तरच्या दशकातल्या नागपूरच्या नंदनवन वस्तीत असं दुसरं घर माझ्या माहितीत नव्हतं.

आई दवाखान्यात नर्स होती. बाबा महाल भागातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ते शिशाचे खिळे त्यांच्या छातीला बाधले. खोकला थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी ते काम सोडायला लावलं. सुरुवातीला बाबा नुसते बरे व्हायला म्हणून घरी होते. मग आईची सकाळची ड्यूटी असली की माझ्या वेण्या घालायला लागले, मग भाजी चिरायला, आणि एका पावसाळ्यात कधीतरी सगळं घरच त्यांच्याकडे गेलं. ते परत आईकडे आलंच नाही. आईलाही ते नको होतं. तिला स्वयंपाकाचा कंटाळा होता आणि बाबांना त्यात रस होता, एवढी ती साधी गोष्ट होती. पण मी बारा-तेरा वर्षांची होते आणि मला ती साधी वाटत नव्हती.

पावसाळ्यात कपडे वाळायचे नाहीत. बाबा बाहेरच्या खोलीत आडवी दोरी बांधत आणि आईचे पांढरे युनिफॉर्म, तिचे परकर, माझे फ्रॉक ओळीनं टांगत. मैत्रीण आली की मी तिला दारातच अडवायची. एकदा ती माझ्या बगलेखालून आत डोकावली आणि नेमकी तेव्हाच दोरी तुटली. आईचा ओला परकर बाबांच्या डोक्यावर. ते त्याच्याआडून खदखदा हसत होते, मैत्रीणही हसत सुटली, आणि मी मोरीत जाऊन रडले.

हिवाळा लागला की बाजारात सांबाराचे ढीग यायचे. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. बाबा अंगणात उन्हात बसून शेजारच्या बायकांसोबत तो निवडत आणि पुडाच्या वड्या करत. बाहेरून कुरकुरीत, आत सांबार, खोबरं, खसखस. शाळेत माझा डबा उघडला की मुली तुटून पडायच्या. "तुझ्या आईच्या हाताला काय चव आहे गं!" असं कुणी म्हटलं की मी डबा आणखी पुढे सरकवायची. खरं सांगायची लाज वाटायची आणि गप्प बसायचीही.

उन्हाळा सगळ्यात वाईट. उन्हाळ्यात आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका गच्चीवर पापड, शेवया, कुरडया घालत, आणि त्यांच्यात एकटे बाबा. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला ओला दुपट्टा. खालून जाणारे पुरुष मान वर करून ओरडत, "काय वहिनी, झालं का वाळवण?" बाबा वरून हसत हात हलवत. मला वाटायचं, या माणसाकडे लाज नावाची गोष्टच नाही. त्याच्या वाट्याची सगळी माझ्याकडे आली आहे.

त्या वर्षी मे महिन्यात बाबांनी कुरडईसाठी गहू भिजत घातले आणि त्याच दुपारी आबाजी दारात उभे राहिले. आबाजी म्हणजे बाबांचे वडील. भिवापूरच्या पुढे एका खेड्यात राहायचे. खांद्यावर लाल मिरच्यांचं गाठोडं, हातात काठी, पाय धुळीनं भरलेले. येणार म्हणून कळवलं नव्हतं. आत येऊन त्यांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले आणि खाटेवर बसत पहिला प्रश्न विचारला, "आज कामावर नाही गेला का गा?"

बाबांच्या हातात आईचा इस्त्री केलेला युनिफॉर्म होता. तो त्यांनी पाठीमागे नेला.

"आज सुट्टी हाय, बा," ते म्हणाले.

मी बघतच राहिले. आबाजींना बाबांनी काही सांगितलेलंच नव्हतं!

आबाजींना वाचता येत नव्हतं. पण पोटाला चिमटा घेऊन त्यांनी बाबांना शाळेत टिकवलं होतं, आणि आपला मुलगा पुस्तकं छापतो हे गावातल्या प्रत्येक माणसाला सांगून झालं होतं. रस्त्यात छापील कागदाचा तुकडा दिसला तरी ते तो उचलून कपाळाला लावायचे. "माह्या पोराच्या हातचा असंन," म्हणायचे.

संध्याकाळी आई आली. स्वयंपाकघरात तिचं आणि बाबांचं हळू आवाजात बोलणं झालं.

"सांगून टाका ना एकदाचं," आई म्हणाली.

"गावभर सांगून बसले हायत ते. आता गावात काय तोंड दाखवतीन?"

"मग स्वयंपाक कोण करंन?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पँट-शर्ट घालून, डबा घेऊन, सायकलवर कामाला निघाले. जाता जाता माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, गव्हाचं पाणी बदलजो. जुनं पूरं काढजो, नाही तर आंबते." आबाजी ओट्यावर येऊन ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मला तिथं उभं राहवेना.

बाबा कुठे जात होते हे मला माहीत होतं, कारण मी विचारलं होतं. ते गांधीसागर तळ्याच्या काठी झाडाखाली बसून राहायचे. नागपूरचा मे महिना, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा. संध्याकाळी यायचे तेव्हा चेहरा भाजल्यासारखा लाल झालेला असायचा आणि आबाजी मला म्हणायचे, "पाणी दे वं बापाले. थकून आला."

इकडे घराची दैना. मी केलेल्या पोळ्या आबाजी पाण्यात भिजवून खायचे. भातात खडे निघाले. वरणाला खालून लागलं, तर मी वरचं काढून वाढलं आणि वास तसाच राहिला. आई ड्यूटीवरून आली की आबाजी तिच्याकडे बघून मान फिरवायचे. सून घरात लक्ष देत नाही, पोरीला काही शिकवत नाही, असंच त्यांना वाटत असणार. आईला ते कळत होतं. ती खाली मान घालून ताट उचलायची. नवऱ्याची लाज राखायला तिनं सासऱ्यापुढे स्वतःची घालवली.

शनिवारी संध्याकाळी तिनं आणि मी गहू वाटले, कसेबसे पिळून चीक काढला. बाबा बाहेरच्या खोलीत आबाजींसमोर पेपर धरून बसले होते. पेपरचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

रविवारी आईला सकाळची ड्यूटी होती. चीक त्याच सकाळी शिजवायला हवा होता. मागच्या अंगणात चूल पेटवून मी पातेल्यासारख्या मोठ्या गंजात पाणी उकळायला ठेवलं. बाबा आणि आबाजी मागच्या दाराशी बसले होते, बाबा खुर्चीवर, आबाजी खाटेवर.

"बाई, मीठ टाकलं का?" बाबांनी विचारलं.

"टाकलं."

"हिंग?"

आबाजी हसले. "तुले काय करायचं गा त्यातलं? बायकाइचं काम हाय ते."

मी एका हातानं चीक ओतायला आणि दुसऱ्या हातानं चाटू फिरवायला लागले. चीक घट्ट व्हायला लागला की तो फिरवायला ताकद लागते, हे मी नुसतं पाहिलं होतं. गुठळ्या धरायला लागल्या. खुर्ची करकरली. मी मान वर केली नाही, पण बाबा पुढे सरकून बसले आहेत हे मला कळलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू हातात सोऱ्या घेऊन आमच्या अंगणात आल्या. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं.

"भाऊ, काहून बसले गा असे? ऊन डोक्यावर आलं! पोरीच्या हाती काहून दिला चीक? मागच्या साली तुम्हीच तर आमच्याही घालून देल्ल्या. तुमच्यासारखा चीक आम्हाले नाही जमत, बाप्पा!"

आबाजी काकूंकडे बघत होते, मग बाबांकडे. माझे कान इतके तापले की मला दुसरं काही सुचेना, आणि मी चाटू जोरात ओढला. गंज कलला. उकळता चीक माझ्या मनगटावर आला आणि चिकटूनच बसला.

मी ओरडायच्या आत बाबा उठले होते. त्यांनी माझा हात धरून पाण्याच्या बादलीत बुडवला, बोटांनी चीक हळूहळू सोडवला, आत जाऊन आईचं मलम आणि पट्टी आणली. "झालं, झालं माय," म्हणत फुंकर घातली. हात बांधून झाल्यावर मला काकूंच्या शेजारी बसवलं. मग एकदा गंजाकडे पाहिलं. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि आबाजींकडे पाठ करून चाटू हातात घेतला.

गुठळ्या मोडायला त्यांना फार वेळ लागला नाही. चीक पांढऱ्याचा काचेसारखा झाला तसा त्यांनी गंज फडक्यानं धरून उचलला आणि काकूंसोबत जिना चढून गच्चीवर गेले. आबाजी खाटेवर तसेच बसून होते. मीही. वरून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, मधूनच हसणं. नेहमीप्रमाणे रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, "काय वहिनी!" आबाजींनी ती ऐकली. त्यांनी काठीचं टोक जमिनीत रुतवलं आणि ते तिथंच फिरवत राहिले.

बाबा खाली आले तेव्हा हातांना चीक वाळून पापुद्रे धरले होते. ते आबाजींसमोर उकिडवे बसले.

"छापखाना सुटला, बा. छातीनं सुटला. तीन वर्षं होऊन राहिले."

"मंग रोज डबा घेऊन कुठं जात होता?"

"तळ्यावर."

"तिथं काय करे?"

"काई नाही. बसत होतो."

"एवढ्या उनात?"

"हाव."

आबाजींनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "माह्यासाठी उनात बसला होय गा. लेकरू असता तं मारलं असतं मी तुले." त्यांचा आवाज फाटला. त्यांनी दुपट्टा डोळ्यांवर ओढला आणि बाबा समोर हातांवरचे पापुद्रे खरवडत बसले. मी बापाला आणि आज्याला असं कधी पाहिलं नव्हतं. नजर कुठे ठेवावी हेच मला कळेना. बाबांकडे लाज नाही असं मी म्हणत आले होते. ती लाज चार दिवस रोज डबा घेऊन सायकलवर जात होती आणि भाजून परत येत होती, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. आणि मी त्या चार दिवसांत काय केलं होतं? मैत्रिणी आल्या तेव्हा त्यांना बेधडक घरात घेतलं होतं, कारण बाबा घरी नव्हते. ते आठवून पट्टीखालचा हात जास्तच चुरचुरायला लागला.

त्या दिवशी दुपारी बाबांनी स्वयंपाक केला. आबाजी पोटभर जेवले. वांग्याच्या भाजीला नावं ठेवली नाहीत आणि तिला वाखाणलंही नाही.

ते गेले त्या दिवशी बाबा त्यांना बसवर सोडायला निघाले. ओट्यावरून उतरताना बाबांनी विचारलं, "गावात काय सांगसान, बा?"

आबाजींनी विचार केला. "काय सांगू? छापून राहिला पुस्तकं, म्हणीन." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तूही तेच म्हणजो वं, कोणी पुसलं तं."

ते पुन्हा आले ते हिवाळ्यात, आणि या वेळी त्यांच्यासोबत गावचा एक माणूस होता. कोर्टाच्या कामासाठी आलेला, रंगीत पागोट्याचा, मोठ्या आवाजाचा. आई ड्यूटीवर होती. मी नुकतीच शाळेतून आले होते. बाबा सांबार निवडत होते. आबाजींनी दारातूनच मोठ्यानं सांगितलं, "आज सुट्टी दिसते तुले!" आणि बाबांनी मांडीवरचं सूप माझ्याकडे सरकवलं, उठून खुर्चीवर बसले. आबाजींनी पेपर उचलून त्यांच्या हातात दिला.

मी शेगडीवर दूध ठेवलं. डब्यात साखर नव्हती म्हणून काकूंकडे पळाले. परत आले तर बाहेरच्या खोलीत ते तिघं बसलेले, आणि आतून दूध वर यायचा तो आवाज आणि वास दोन्ही येत होते. बाबांची मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली होती. ते अर्धे उठले आणि आबाजींकडे बघून परत बसले. आबाजी काठीकडे बघत होते.

"दूध उतू चाललं ना जी!" असं म्हणत तो गावचा माणूसच उठला, आत गेला आणि धोतराच्या सोग्यानं भांडं धरून खाली उतरवलं. फडकं शोधून शेगडीही पुसून काढली. मग बोटांवर फुंकर मारत, काही विशेष केलं नसल्यासारखा बाहेर आला, खाटेवर बसला आणि यंदाच्या मिरचीवर किती कीड पडली ते सांगायला लागला.

बाबा आणि आबाजी ऐकत होते. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मी साखरेची वाटी घेऊन दारातच उभी होते, आणि चहा करायला आत जायचं तर त्या तिघांच्या मधून जावं लागणार होतं.