आईच्या अंगावरची परकी वाकळ

मी लातूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. भूत, बाधा, अंगात येणं असा विषय निघाला की मी सरळ चहा टाकायला उठते, असा माझा स्वभाव. इथले अनुभव वाचून मी हसलेही आहे — राग मानू नका, खरं ते सांगते. आज मीच लिहायला बसलेय, आणि भर दुपारी घरातले सगळे दरवाजे सताड उघडे ठेवून बसलेय...

माझी आई नांदेडला भावाकडे, म्हणजे दादाकडे असते. सत्तरी ओलांडलेली, जुनी शुगर. यंदाच्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला. आधी आयसीयू, मग जनरल वॉर्ड. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, त्यांनी तिला वाचवलं हे खरंच आहे. दादाची फिरतीची नोकरी, वहिनी शाळेत, तेव्हा डिस्चार्जनंतर आईला थोडे दिवस माझ्याकडे आणायचं ठरलं.

डिस्चार्ज म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. सकाळी सोडतो म्हणतात आणि दुपार उलटते, मग एकदम सगळ्यांना घाई सुटते. ॲम्ब्युलन्सवाला खाली हॉर्न मारतोय, आई व्हीलचेअरवर, आणि लिफ्टच्या दारात उभं राहून सिस्टर मला औषधं समजावून सांगतेय. या नव्या गोळ्या, सकाळी जेवणाआधी ही, रात्री ही, आणि घरच्या जुन्या चालूच ठेवा. मी मान हलवत होते. शेजारच्या कॉटवर देगलूरकडच्या एका खेड्यातली म्हातारी होती, तिलाही शुगर, आणि तिलाही त्याच वेळी सोडलं होतं. तिचा मुलगा बोचकी उचलत होता, वॉर्डबॉय आमची बोचकी उचलत होता. त्या बाईंचा चेहरासुद्धा मी नीट पाहिला नाही.

निघताना दादानं एक छोटी स्टीलची डबी दिली. आईची बोटं आखडलेली, तिला गोळीचं पाकीट फोडता येत नाही. म्हणून वहिनी महिन्याच्या गोळ्या पाकिटातून काढून त्या डबीत भरून ठेवते. आई हात घालते, एक पांढरी एक गुलाबी काढते, संपलं काम. आमच्याकडे वर्षानुवर्षं हे असंच चाललंय.

अहमदपूर मागे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की आईच्या अंगावरची वाकळ आमची नाही. आमची वाकळ आजीनं शिवलेली, जुन्या लुगड्यांची, सगळी निळी-जांभळी. ही हिरवी होती, मध्ये मध्ये पिवळे तुकडे, आणि टाके इतके बारीक की मशीनचे वाटावेत. दादाला फोन केला. तो म्हणाला, देगलूरवाल्यांची असणार, आपली त्यांच्याकडे गेली, नंबर काढून बदलून घेऊ. मला ती लगेच काढून ठेवायची होती, पण आई गार पडली होती आणि दुसरं पांघरूण नव्हतं. घरी आल्यावर मी तिला रजई दिली. तिनं रजई बाजूला सारली आणि हिरवी वाकळच ओढून घेतली. ऊब बरी आहे म्हणाली.

पहिले दोन-तीन दिवस छान गेले. मी सकाळी डबीतल्या जुन्या गोळ्या द्यायची, त्यावर हॉस्पिटलच्या नव्या. आई जेवायची कमी, पण बोलायची चिक्कार. शेजारणीची चौकशी, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं, सगळं जागेवर. माझा नवरा दिवसभर दुकानात असतो, तेव्हा दुपारी घरात आम्ही दोघीच.

मग ती दुपार. मी वरण-भात कालवून नेला तर आई भिंतीला टेकून बसलेली. वाकळ हनुवटीपर्यंत ओढलेली आणि कपाळावर घामाचे थेंब... जानेवारीत. मी पदरानं घाम पुसायला गेले तर ती मागे सरकली. माझ्याकडे बघत होती, पण ओळख नव्हती त्या नजरेत. परक्या घरात जेवायला बसलेलं माणूस यजमानिणीकडे बघतं ना, तसं.

"राजव्वा," ती म्हणाली, "नीळ्ळू दे गं."

आवाज आईचाच होता, पण बोलणं तिचं नव्हतं. आमच्या क्लासला देगलूर-बिलोलीकडची पोरं येतात, म्हणून नीळ्ळू म्हणजे पाणी एवढं तेलुगू मला ठाऊक आहे. आईला मी जन्मात तेलुगूचा एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. मी पाणी दिलं. तिनं ते वरून, ओठ न लावता प्यालं. आई कधीच असं पीत नाही, तिला ठसका लागतो. मला हसू आणायचं होतं, काहीतरी चेष्टा करायची होती, पण जमलं नाही. मी विचारलं, राजव्वा कोण गं आई? तिनं थोडा भात खाल्ला, आडवी झाली आणि तासाभरानं उठून मला म्हणाली, वरणात मीठ कमी होतं. पुन्हा माझी आई.

मी हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की आयसीयूतून आलेल्या वयस्कर पेशंटना असा भ्रम होतो, माणसं ओळखत नाहीत, काहीबाही बोलतात, हळूहळू जातं. औषधं मात्र चुकवू नका. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... फिजिक्सवालीला कारण मिळालं की पुरे असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळहातावर गोळ्या ठेवून तिच्यापुढे धरल्या. आईनं तोंड घट्ट मिटून घेतलं. मी समजावलं, मग रागावले, मग चक्क हात जोडले. तिनं माझं मनगट धरलं. आईच्या हातात इतका जोर नाही हो, तिला वाटीही नीट उचलत नाही. माझ्या मनगटावर दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ होते.

"दोन्ही एकच गोळी हाय ती," ती म्हणाली. "नको देऊ, राजव्वा. कालच्यानंच गेले मी."

मी स्वयंपाकघरात पळाले. खोटं कशाला सांगू, ओट्याला धरून उभी राहिले. बाहेरच्या खोलीत माझी जन्मदाती आई बसली होती आणि मला तिच्याजवळ जायची भीती वाटत होती! पण डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध चुकवू नका. आयसीयूतून परत आणलेली आई माझ्या घरी येऊन औषधावाचून गेली तर दादाला काय तोंड दाखवू? मी गोळ्या कुटल्या, मऊ भातात कालवल्या, वर तूप घातलं, आणि चमच्या-चमच्यानं भरवल्या. ती माझ्याकडे बघत होती. दोन घास झाल्यावर डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तोंड उघडत होती.

दुपारी ती झोपली ती उठेना. हाक मारली, गदागदा हलवलं, काही नाही. अंग ओलं गार, वाकळ आतून भिजलेली. आमच्या गल्लीत काझी डॉक्टर आहेत, त्यांच्या वडिलांपासून तिथेच दवाखाना. चप्पल न घालता धावत गेले. ते तसेच उठून आले, बोटाला सुई टोचून शुगर बघितली आणि लगेच हातातल्या शिरेतून साखरेचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं आईनं डोळे उघडले. मला नावानं हाक मारली. मी रडले, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

काझी डॉक्टरांनी औषधं मागितली. डबीतली पांढरी गोळी हातावर घेतली, हॉस्पिटलच्या पाकिटातली तिच्या शेजारी ठेवली. म्हणाले, ताई, कंपनी वेगळी, नाव वेगळं, पण दोन्ही शुगरचीच, एकच. तुम्ही रोज डबल देऊन राहिल्या. वरून यांचं खाणं कमी. अजून थोडा उशीर झाला असता तर... मी म्हटलं, आई हेच सांगत होती. ते हसले. शुगर उतरली की पेशंट असंबद्ध बोलतो म्हणाले. मग थांबून त्यांनी विचारलं, काय सांगत होत्या? मी सांगितलं. ते बॅग आवरत राहिले.

आईला एक रात्र त्यांच्या दवाखान्यातच ठेवलं. घरी आल्यावर मी ती वाकळ घडी करून गच्चीवरच्या खोलीत टाकली. त्यानंतर आई एकदाही तसं बोलली नाही. तिला त्यातलं काहीच आठवत नाही.

दादाला देगलूरवाल्यांचा नंबर मिळाला तो त्यानंतर. त्यानं मला फोन करून सांगितलं, ती म्हातारी वारली. घरी नेल्यावर तीन-चार दिवसांतच. कोणत्या दिवशी, मी विचारलं. त्यानं सांगितलेला दिवस तोच होता... आईनं माझ्याकडे नीळ्ळू मागितलं तो.

तेरावं होईपर्यंत जाणं बरं दिसत नव्हतं. ते झाल्यावर दादा लातूरला आला आणि वाकळ परत द्यायला आम्ही उदगीरवरून गेलो. देगलूरच्या अलीकडे आत वळून त्यांचं गाव. साधं नीटनेटकं घर, ओसरीत हरभऱ्याची पोती, बाजेवर एक म्हातारे गृहस्थ पडलेले, म्हणजे वारलेल्या बाईंचे मालक. मुलानं बसायला टाकलं आणि आत हाक दिली, "राजव्वा, च्या ठिव."

दादा माझ्याकडे बघत होता, कारण मी त्याचा दंड धरला होता. त्याला मी सगळं सांगितलं होतं आणि त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं. आता तोही हसत नव्हता. नंतर त्यानं मला पटवायचा प्रयत्न केला, की शेजारच्या कॉटवर होती ना आई, सुनेचं नाव कानावर पडलं असेल. पडलं असेल. तेलुगूही पडलं असेल. पण गोळ्यांचं काय? दोन्ही गोळ्या एकत्र तर घरी आल्यावर सुरू झाल्या!

राजव्वा चहा घेऊन आली. तिशीतली, चेहरा ओढलेला. आमची वाकळ तिनं धुऊन ठेवली होती. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत, देऊन टाकतात, पण ही तुमची, तुमच्या माणसाची, म्हणून ठेवली, असं ती म्हणाली. सासूचं सांगताना हळू आवाजात बोलत होती. दुपारी घाम फुटला, झोपल्या, उठल्याच नाहीत. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले.

माझी नजर कोनाड्यात गेली. तिथे गोळ्यांची पाकिटं होती. आमच्याकडचंच, त्याच नावाचं एक, आणि शेजारी दुसऱ्या कंपनीचं, पण खाली बारीक अक्षरात औषध तेच.

मी विचारलं, या कुणाच्या?

"आत्याबाईच्या हायत," राजव्वा म्हणाली, म्हणजे सासूच्या. "लई उरल्या. मामांजीलाबी शुगर हाय ना, मंग वाया कशाला घालवायच्या... त्यांच्या त्यांना देतेच, वरून ह्या देऊन राहिले."

मी काय बोलले ते आता नीट आठवत नाही. उठून ती पाकिटं हातात घेतली, दोन्ही एकच आहेत, म्हाताऱ्यांना एवढ्या देऊ नका, आजच बंद करा, देगलूरला डॉक्टरांना दाखवा, असं काहीतरी भराभर सांगितलं. माझ्या आईचं काय झालं तेही सांगितलं. तिच्या तोंडातून काय निघालं ते मात्र सांगितलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

राजव्वा ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरत गेला, आणि तिला काय कळत चाललंय ते मला दिसत होतं. मला थांबावंसं वाटत होतं, पण बाजेवर तो माणूस होता.

"आत्याबाई नको म्हणत हुत्या," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी तोंडच उघडेनात. म्या भातात कालवून दिली."

मीही तेच केलं होतं. मला काझी डॉक्टर गल्लीत होते, तिला नव्हते, एवढाच काय तो फरक.

तेव्हा बाजेवरचे म्हातारे बोलले. इतका वेळ मला वाटत होतं ते झोपलेत.

"म्या कुठं घेऊन राहिलो त्या गोळ्या," ते म्हणाले. उशाखाली हात घालून त्यांनी मूठ उघडली. मुठीत चोखून अर्धवट विरघळलेल्या, वाळलेल्या गोळ्या होत्या. "ती बसती हितं पायथ्याला. रोज सकाळी. तू देऊन गेलीस की म्हंती, थुंकून टाका."

मुलानं बापाकडे, दादाकडे, दोघांकडेही न बघता जमिनीकडे बघितलं. मला बाजेच्या पायथ्याकडे बघायचं नव्हतं. भर दुपार होती, दारातून ऊन आत आलं होतं, आणि मी मान तिकडे वळवू शकत नव्हते.

राजव्वा सासऱ्याच्या बाजेशी खाली बसली. तिला भीती वाटत नव्हती. तिला एकच गोष्ट हवी होती.

"मामांजी," तिनं विचारलं, "माझं काय म्हंत्यात त्या?"

म्हाताऱ्यांनी पायथ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले, कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघावी तसे. मग सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

ते गृहस्थ बरे आहेत, देगलूरच्या डॉक्टरांनी औषधं बदलून दिली, असं दादाला कळलं. आई माझ्याकडेच आहे, मजेत आहे. तिच्या गोळ्या आता मी पाकिटातून तिच्यासमोर फोडते. रोज सकाळी तळहात पुढे करते आणि ती तोंड उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. काझी डॉक्टरांकडे नाही, दादाकडे नाही. आणि खरं सांगू, त्या बाई माझ्याशी का बोलल्या, हा प्रश्न मला आता पडतही नाही. राजव्वानं विचारलेला पडतो.