पाच बोटं

मी बावीस वर्षं अमरावतीला, राजापेठेत, दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. डोळ्याची आकृती तर फळ्याकडे न बघता काढतो. त्यामुळे आमच्या आईला दिसत नाही, हे सर्वांत शेवटी मला कळलं.

आई अकोल्यात हार-फुलं विकते. बोलता बोलता हार ओवते, शिळं फूल बोटांनीच ओळखून बाजूला टाकते. तिच्या नजरेची शंका कुणाला येणार?

गेल्या वर्षी माझ्या शिकवणीच्या क्लासच्या सत्कार समारंभाला मी तिला पाहुण्यांना हार घालायला सांगितलं. ती ऐटीत पुढे गेली, आणि पाहुण्यांशेजारच्या स्टँडच्या पंख्याला हार घालून वर नमस्कारही केला! (माईकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद होता, हे नशीब.)

दुसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर माझीच जुनी विद्यार्थिनी. आईनं अक्षरांचा तक्ता धडाधड म्हणून दाखवला. माझी छाती फुगली. पण बाहेर बसून आधीच्या पेशंटांचं ऐकत तिनं तो पाठ केला होता! डॉक्टरला संशय आला. तिनं तीन मीटरवरून दोन बोटं दाखवली.

"आजी, बोटं किती?"

"पाच."

"नीट बघा."

"हाताले पाचच असतात बाई. त्यात मोजाचं काय?"

डॉक्टरनं मला समजावलं: आंधळेपण म्हणजे पूर्ण काळोखच असं नाही. चष्मा लावूनही, त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्यानं एवढ्या अंतरावरची बोटं मोजता येत नसतील, तर ते आंधळेपणच धरतात. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशननं दिसणार होतं, फक्त वेळेवर कुणी आणायला हवं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, कावून नाई सांगतलं मले?"

"तू दुकान बंद कराले लावलं असतं."

एवढ्या अंधुक नजरेनं या बाईनं हजारो हार ओवले, एकही वाकडा नाही. मी मनातल्या मनात तिला हात जोडले.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर ती हौसेनं माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसली. मी नेहमीच्या झोकात आकृती काढली.

"डॉक्टरनं तर भिंग समोर दाखोलं होतं," मागून आवाज आला. "तू मांगं कावून काढलं?"

वळून पाहिलं. भिंग खरंच मागच्या पडद्याला चिकटलेलं!

पुढच्या तपासणीला मी भीत भीत डॉक्टरला विचारलं, तुमच्या वेळी मी डोळ्याची आकृती कशी काढायचो?

"अशीच, सर. आम्ही पुस्तकातून उतरवायचो. तुम्ही इतक्या ऐटीत काढायचात, की चूक सांगणं आमच्या जिवावर यायचं."