आत्येबहीण

सिस्टर एकोणीस वर्षं त्या दवाखान्यात होत्या. वस्तीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. त्यांचा सख्खा धाकटा भाऊसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायचा, आणि तो चेष्टा करत नसे.

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर बाकं आणि वजनकाटा, आत पडद्याआड तपासायचं टेबल. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. बाकीचे दिवस लोकांनी आजारी पडू नये अशी अपेक्षा असावी. लोक पडायचे.

त्यातलाच एक पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. दोन महिने खोकत होता. तपासणीत क्षय निघाला. सहा महिने रोज दवाखान्यात येऊन सिस्टरसमोर गोळ्या गिळायच्या, असं ठरलं. "घरच्यांनाही तपासायला पाठवा," सिस्टर म्हणाल्या. तो "पाठवतो, पाठवतो" म्हणाला. दीड महिना इमानेइतबारे आला. मग खोकला थांबला, अंगावर मांस चढलं आणि तो यायचा बंद झाला. बरं वाटायला लागलं की माणूस बरा झाल्यासारखा वागतो. सिस्टरच्या मते रोग त्यापेक्षा परवडला.

दुसऱ्याच दिवशी त्या शोधत निघाल्या. पेंटर चपलांच्या दुकानावर शिडीवर सापडला.

"खाली या."

"रंग ओला आहे, सिस्टर."

"मग मी येते."

त्याला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. सिस्टर चोपन्न वर्षांच्या, गुडघे त्याहून म्हातारे. पण त्या पाच पायऱ्या चढल्या. दुकानदाराने धावत येऊन शिडी धरली. पेंटरने निमूटपणे गोळ्या गिळल्या.

"जीभ वर करा."

त्याने केली.

मग तो हळूच म्हणाला, "लोकांना कळलं तर कोण काम देईल मला? बायकोलासुद्धा नाही सांगितलेलं."

ते सिस्टरना पटलं. बायकोचं नाही, कामाचं. तेव्हापासून त्या साध्या साडीत जाऊ लागल्या. कुणी विचारलं तर आत्येबहीण म्हणून सांगायचं ठरलं.

चार आठवडे सुरळीत गेले. मग कुणीतरी पेंटरच्या बायकोच्या कानावर घातलं, की तुझ्या नवऱ्याला एक बाई रोज भेटते आणि शिडीवर चढून स्वतःच्या हाताने काहीतरी भरवते. आत्येबहीण आहे म्हणे. बायकोने सरळ हिशेब केला. नवऱ्याला मुळात आत्याच नव्हती.

शुक्रवारी बाकं गच्च भरलेली असताना ती दवाखान्यात शिरली. सिस्टर एका बाळाचं वजन करत होत्या.

"तूच ना ती? काय खायला घालतेस माझ्या नवऱ्याला?"

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य पेंटरचं होतं.

"ते तुमच्या मिस्टरांना विचारा," सिस्टर म्हणाल्या.

मग बायकोने सिस्टरचं वय, चाल आणि एकूण चारित्र्य यांवर मनसोक्त तोंडसुख घेतलं. ज्याची पाळी आली होती तोही आत जाईना. सिस्टरनी त्या बाळाचं वजन तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा वेगळं.

संध्याकाळी घरी त्यांनी मिस्टरांना सांगितलं, "आज माझ्यावर लफड्याचा आळ आला."

मिस्टरांनी पेपरातून डोकं काढलं नाही. "माणूस बरा आहे का?"

"अजून साडेतीन महिने लागतील."

दुसऱ्या दिवशी पेंटरने गोळ्या गिळल्यावर सिस्टर शिडीच्या पायरीवर बसल्या. "मी तुमच्या घरी काही सांगणार नाही. तुम्ही सांगा. ती आणि तुमची मुलगी रोज तुमच्याजवळ झोपतात. आज हो म्हणेपर्यंत मी इथून उठत नाही." सिस्टर बसलेल्या असेपर्यंत तो शिडीवरून उतरू शकत नव्हता. जेवायच्या सुट्टीला तो हो म्हणाला.

सोमवारी तिघंही दवाखान्यात आली. बायकोने माफी वगैरे मागितली नाही. ती नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "याला वाटलं, मी सोडून जाईन." तिच्यात आणि मुलीत रोग निघाला नाही. गोळ्यांचं पाकीट तिने स्वतःच्या हातात घेतलं. "आता मी बघते. शिडीवर तुम्ही चढू नका, पडलात तर आम्हाला सुई कोण टोचणार?"

तेव्हापासून ती दर आठवड्याला रिकामं पाकीट दाखवायला यायची आणि बाहेरूनच ओरडायची, "सवत आहे का आत?" नवे पेशंट दचकायचे.

सहा महिने पुरे झाले आणि शेवटचा रिपोर्ट आला. रोग गेला होता. पेंटर बाकावर बसून ढसाढसा रडायला लागला. "बाहेर जाऊन रडा, रांग आहे," सिस्टर म्हणाल्या. मग त्या पडद्याआड गेल्या आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"काय झालं, सिस्टर?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडदा धुवायला झालाय," त्या म्हणाल्या.