पवित्र पाणी, एकशे एकवीस अंशांवर

आमच्या बल्गेरियातल्या वाटाण्याच्या कारखान्यात डबे वाफवणाऱ्या दोनकाबाईंचा नुसत्या उकळण्यावर काडीचा विश्वास नव्हता. काही बीजाणू त्यातूनही जगतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी पाद्रीबाबा मेतोदी गरम डब्यांवर पवित्र पाणी शिंपडायला निघाले, तेव्हा बाईंनी त्यांचा हातच धरला.

"आधी पाणी एकशे एकवीस अंशांवर, वीस मिनिटं."

"अगं, देवाचं पाणी आहे."

"असेल. पण निवताना डबा सांध्यातून थेंब आत ओढतो. त्याला देवाचं काय कळतं?"

पाणी वाफेच्या दाबाच्या बंद टाकीत गेलं. आम्ही टोप्या काढून वीस मिनिटं उभे राहिलो.

"अजून पवित्र असेल ना गं?" बाबांनी हळूच विचारलं.

"ते तुम्ही बघा. निर्जंतुक आहे, एवढं मी लिहून देते."

पुढच्या वर्षी बाबा स्वतःच तीन घागरी पाणी डबाबंद करायला घेऊन आले.