लाल अक्षरांतली सूचना

संगणकावर चालणारी जुनी सीएनसी मशीनं तीस वर्षं दुरुस्त करणारे काका कारखान्यात शिरले ते तणतणतच. एका मशीनची मेमरी टिकवणारा सेल संपत आल्याचा दिवा महिनाभर लुकलुकत होता, पण कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज फोरमनने मशीन बंद करून सेल बदलला आणि मशीन होतं नव्हतं ते सगळं विसरून बसलं.

"अहो, मेलेल्या सेलवर मशीन बंद केलं की मेमरी जाणारच! सेल चालू मशीनवरच बदलायचा!" काका कडाडले. "पॅनेलच्या दारावर लाल अक्षरांत मी स्वतः लिहून ठेवलंय. डोळे फुटलेत का तुमचे?"

"वाचलं ना, काका," फोरमन शांतपणे म्हणाला. "पण तुम्ही ते दाराच्या आतल्या बाजूला लिहिलंय. आणि मशीन बंद केल्याशिवाय ते दार उघडतच नाही."